आकडा बदलला की खण बदलला?

हा आजच्या भागाचा लिहिलेला मजकूर. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी सांगितलं की बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना ऐकलं की आकडे डोक्यावरून जातात. आज आकडे जरा जास्तच आहेत, त्यामुळे हा भाग ऐका, आणि जिथे अडाल तिथे इथे येऊन वाचा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. माझ्याकडे एक रिपोर्ट होता: ग्राहकांच्या तक्रारी, दर महिन्याला, वर्गानुसार. 'बिल चुकीचं', 'डिलिव्हरी उशिरा', 'अ‍ॅप बंद पडलं' वगैरे. टूलमध्ये आडव्या अक्षावर महिने टाकायचे, उभ्या अक्षावर संख्या, प्रत्येक वर्गाला एक रंग. पंधरा मिनिटांचं काम. पहिले पाच वर्ग दाखवायचे, उरलेलं सगळं 'इतर' मध्ये.

एका तिमाहीत 'बिल चुकीचं' हा रंग निम्म्यावर आला. मीटिंगमध्ये सगळे खूश. कुणीतरी म्हणालं, नवीन बिलिंग सिस्टीमचा परिणाम दिसतोय. मीही मान डोलावली. चार्ट माझा होता, कौतुक थोडं माझ्याही वाट्याला आलं. पुढच्या महिन्यात बिलाच्या तक्रारी घेणाऱ्या चार जणांपैकी दोघांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. काम कमी झालंय, तर माणसं कशाला?

त्यातली एक मुलगी जाताना माझ्या डेस्कपाशी आली. म्हणाली, "दादा, फोन तर तेवढेच येतायत. कमी कुठे झाले?"

ती गेल्यावर मी डेटा उघडला. अ‍ॅपच्या टीमने एका अपडेटमध्ये तक्रारीच्या ड्रॉपडाउनमध्ये नवा पर्याय घातला होता: 'पैसे कापले, ऑर्डर नाही'. आधी हीच माणसं 'बिल चुकीचं' निवडायची. आता त्यातली निम्मी नवा पर्याय निवडत होती, आणि तो पर्याय पहिल्या पाचात नसल्यामुळे माझ्या चार्टमध्ये 'इतर' मध्ये जाऊन बसला होता. एकूण तक्रारी जवळपास तेवढ्याच होत्या. मी मेल केला, चार्ट दुरुस्त केला. उत्तर आलं, "पुढच्या वेळी लक्ष ठेव." ते दोघं काही परत आले नाहीत.

तेव्हापासून दोन काळांतले दोन आकडे शेजारी दिसले की मला पहिला प्रश्न पडतो: आकडा बदललाय, की ज्या खणात मोजला तो खण बदललाय? हा प्रश्न शोधत शोधत मी भारताच्या जनगणनेपर्यंत पोचलो. कारण एवढ्या मोठ्या देशाचा, एवढ्या वर्षांचा, वर्गानुसार मोजणीचा दुसरा रिपोर्ट आपल्याकडे नाही. आणि माझ्या छोट्या चार्टमधली चूक तिथे लाखांच्या आणि कोटींच्या मापात दिसते.

आधी खण, मग मोजणी

आपण आज वापरतो त्या रिपोर्टिंग टूल्सचं मूळ जनगणनेतच आहे. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेचे तक्ते तयार करता करता दशक संपत आलं. मग हर्मन हॉलरिथ नावाच्या इंजिनिअरने एक यंत्र बनवलं. प्रत्येक माणसामागे एक पुठ्ठ्याचं कार्ड आणि प्रत्येक उत्तरासाठी ठरलेल्या जागी एक भोक. यंत्राच्या पिना भोकातून आरपार गेल्या की विजेचं सर्किट पूर्ण व्हायचं आणि त्या वर्गाचा काटा एकने पुढे सरकायचा. १८९० ची जनगणना या यंत्रांवर झाली. हॉलरिथची कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या कंपनीचं नाव झालं आयबीएम. तर आपण ज्याला 'ग्रुप बाय' म्हणतो, त्याचा खापरपणजोबा म्हणजे ते भोक पाडलेलं कार्ड.

आपल्याकडे देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. इथे बराच काळ यंत्र नव्हतं, हात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एक पद्धत रुळली: माणसागणिक एक चिठ्ठी, धर्मानुसार चिठ्ठीचा रंग वेगळा. कारकून लाकडी खणांच्या मांडणीसमोर बसायचे आणि प्रत्येक चिठ्ठी योग्य खणात टाकायचे. शेवटी खणागणिक चिठ्ठ्या मोजायच्या.

कार्ड असो की चिठ्ठी, दोन्हींत एक गोष्ट समान आहे. मोजायला सुरुवात करण्याआधी खण तयार असावे लागतात. कार्डावर भोक पाडायला जागा नसेल, तर ते उत्तर मोजलं जाणारच नाही. आणि खण किती, कोणते, हे चिठ्ठीतला माणूस ठरवत नाही. ते आधीच, दुसरंच कुणीतरी, बहुतेक वेळा ऑफिसात बसून ठरवतं.

आता दहा वर्षांनी पुन्हा मोजणी आली आणि मधल्या काळात कुणी मांडणी बदलली असेल, तर? चार उदाहरणं बघू. पहिलं आपल्या महाराष्ट्राचं.

दोन उड्या, दोन कारणं

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली जनगणनेत किती बौद्ध नोंदले गेले असतील? अडीच हजारांच्या आसपास. अख्ख्या राज्यात. १९६१ साली? जवळपास २८ लाख.

एखाद्या रिपोर्टमध्ये असा बार दिसला तर माझ्यासारखा माणूस आधी म्हणेल, डेटा चुकलाय, तीन शून्यं जास्त पडलीत. पण इथे डेटा बरोबर आहे. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस येऊन गेला होता. नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 'बौद्ध' हा खण आधीही होता. तो बदलला नाही. माणसांनी आपली चिठ्ठी स्वतः उचलून त्या खणात टाकली. आकड्याने इतिहास जसाच्या तसा पकडला, असं क्वचित होतं.

आता याच महाराष्ट्राचा दुसरा आकडा बघा. अनुसूचित जातींची लोकसंख्या १९८१ साली सुमारे ४५ लाख, म्हणजे राज्याच्या ७.१ टक्के. १९९१ साली सुमारे ८७.५ लाख, म्हणजे ११.१ टक्के. दहा वर्षांत जवळपास दुप्पट! राज्याची एकूण लोकसंख्या तेवढ्याच काळात साधारण पाव पटीने वाढली होती. मग ही उडी कुठून आली?

याचं उत्तर कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत नोंद होण्यासाठी धर्माची अट होती. आधी फक्त हिंदू, मग १९५६ पासून शीखही. त्यामुळे ज्यांनी दीक्षा घेतली आणि धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' सांगितलं, ते जनगणनेच्या तक्त्यात अनुसूचित जातींच्या बाहेर गेले. वस्ती तीच, माणसं तीच, अनुभव तोच. रकाना मात्र बदलला. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचाही त्यात समावेश झाला. १९९१ च्या जनगणनेत ती माणसं पुन्हा त्या खणात दिसली. कुणी कुठून आलं नव्हतं. मांडणी दुरुस्त झाली होती.

म्हणजे एकाच राज्यात, एकाच समाजाच्या संदर्भात, तक्त्यावर दोन उड्या आहेत. एक माणसांनी घेतलेली, दुसरी नियमाने घडवलेली. नुसत्या बारकडे बघून तुम्हाला कुठली कुठली हे कधीच कळणार नाही. दोन्ही बार सारखेच उंच उडी मारतात.

तिसरीही एक उडी आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या १९७१ साली सुमारे साडेएकोणतीस लाख होती, ती १९८१ साली पावणेअठ्ठावन्न लाखांच्या घरात गेली. कारण १९७६ चा कायदा. त्याआधी एखादी जमात काही ठरावीक भागांतच अनुसूचित मानली जायची. हद्द ओलांडली की तीच माणसं यादीबाहेर. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन बरंचसं उठवलं, आणि आधी बाहेर राहिलेली कुटुंबं आत आली. त्यात नावाच्या साधर्म्याचा फायदा घेऊन किती जण घुसले, यावर आजपर्यंत वाद आणि कोर्टकज्जे चालू आहेत. तो वाद आज आपला विषय नाही. मुद्दा एवढाच की १९७१ आणि १९८१ चे बार शेजारी ठेवून "आदिवासींची लोकसंख्या दुप्पट झाली" असं म्हटलं, तर आपण लोकसंख्येबद्दल बोलत नसतो. आपण न कळत कायद्याबद्दल बोलत असतो.

"काही नाही, घरीच असते"

दुसरं उदाहरण सगळ्या देशाचं आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं.

१९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रिया होत्या सुमारे ६ कोटी. १९७१ मध्ये सुमारे ३ कोटी. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली आणि काम करणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. तीन कोटी बायकांनी एकदम काम सोडलं?

काम कुणी सोडलं नव्हतं. प्रश्न बदलला होता. १९६१ मध्ये व्याख्या सैल होती. शेतीसारख्या हंगामी कामात, हंगामाच्या बऱ्याचशा काळात दिवसाला तासाभराहून जास्त नियमित काम केलं, तरी तुम्ही 'काम करणारे'. १९७१ मध्ये आधी विचारलं गेलं, तुमचं मुख्य काम काय?

आता डोळ्यासमोर आणा. गावातलं घर, दारात गणनेला आलेले गुरुजी. उत्तर बहुधा घरातला पुरुष देणार. आणि बाईला विचारलं तरी ती काय म्हणेल? माझी आजी सातारा जिल्ह्यातली. पहाटे उठून शेण काढायची, धार काढायची, भाकरी थापून शेतावर न्यायची, खुरपायला बसायची, संध्याकाळी परत चूल. तिला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर ती शेवटपर्यंत एकच उत्तर द्यायची: "काही नाही, घरीच असते."

'मुख्य काम' विचारलं की अशी बाई 'घरकाम' या खणात जाते, आणि घरकाम हे काम धरलेलं नाही. तिची खुरपणी 'दुय्यम काम' म्हणून वेगळ्या रकान्यात नोंदवायची सोय होती, हे खरं. पण मथळ्यात येतो तो पहिल्या रकान्याचा आकडा. दोन जनगणनांची तुलनाच करता येईना, म्हणून नंतर आर्थिक प्रश्नांची फेरपाहणी करावी लागली. १९८१ मध्ये 'मुख्य' आणि 'सीमांतिक' असे काम करणाऱ्यांचे दोन वर्ग झाले, म्हणजे मांडणी पुन्हा बदलली.

इथे कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. नवी व्याख्या करणाऱ्यांना नेमकेपणा हवा होता. पण व्याख्या नेमकी करताना जी माणसं बाहेर पडली ती सगळी एकाच प्रकारची होती. खण बदलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

भाषा कुठे गेल्या?

तिसरं उदाहरण 'इतर' चं. माझ्या चार्टमधल्या चुकीचं हे मोठं भावंड.

१९६१ च्या जनगणनेच्या यादीत १,६५२ मातृभाषा होत्या. १९७१ च्या यादीत जेमतेम शंभरेक. दहा वर्षांत दीड हजार भाषा मेल्या? नाही. १९७१ मध्ये ठरलं की दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात ती भाषा यादीत स्वतंत्र दाखवायची नाही. बाकी सगळ्यांची मिळून एक ओळ. टूलच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी फिल्टर लावला.

या दोन आकड्यांमधली दरी खटकलेल्यांपैकी एक म्हणजे गणेश देवी. मूळचे आपल्या भोरचे. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली २०१० पासून भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण झालं आणि त्यात ७८० भाषांची नोंद झाली. या आकड्याची जनगणनेच्या आकड्याशी थेट तुलना करू नका. मोजणारे वेगळे, 'भाषा' म्हणजे काय याची व्याख्याही वेगळी.

२०११ मध्ये तर ही प्रक्रिया आकड्यांतच दिसते. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली वेगवेगळी नावं होती १९,५६९. त्यातली स्पेलिंगं, गावांची नावं, दुहेरी नावं निस्तरून उरल्या १,३६९ मातृभाषा. त्यांचे गट केले, दहा हजारांची चाळणी लावली, आणि शेवटी तक्त्यात आल्या १२१ भाषा. १९,५६९, १,३६९, १२१. तिन्ही आकडे एकाच वर्षाचे, एकाच देशाचे, आणि तिन्ही 'खरे'. मित्रासोबत पैज लावताना कुठला सांगायचा ते आधी ठरवा.

गट कसे केले हेही बघण्यासारखं आहे. २०११ मध्ये हिंदी बोलणारे सुमारे ५३ कोटी. या खणात भोजपुरी आहे, राजस्थानी आहे, आणि आपल्या तांड्यांवर बोलली जाणारी बंजारी-लमाणीसुद्धा आहे. यवतमाळ-वाशीमकडचा माझा एखादा बंजारा श्रोता घरी जी भाषा बोलतो, ती मोठ्या तक्त्यात हिंदीच्या बारमध्ये उभी आहे. उलट मैथिली. ती आधी हिंदीच्या गटात मोजली जायची. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१ च्या तक्त्यांमध्ये हिंदीतून बाहेर निघून स्वतःच्या ओळीत दिसली. कोटभर माणसं एका रंगातून दुसऱ्या रंगात. त्यामुळे १९९१ ची हिंदी आणि २००१ ची हिंदी हे एकच शीर्षक असलेले दोन वेगळे खण आहेत.

ड्रॉपडाउन नसलं की काय होतं

एव्हाना तुम्ही म्हणाल, मग खण ठेवूच नका. लोकांना जे सांगायचं ते सांगू दे, जसंच्या तसं लिहून घ्या. चौथं उदाहरण त्याचं.

१९३१ ही सगळ्या जाती मोजून त्यांचे तक्ते प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना. तेव्हा देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. मग २०११ मध्ये मुख्य जनगणनेपासून वेगळी अशी एक सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली. गणक टॅबलेट घेऊन घरोघरी गेले. पण जातीच्या रकान्यासाठी आधी तयार केलेली पक्की यादी नव्हती. सांगाल ते टाइप.

निकाल? ४६ लाखांहून जास्त वेगवेगळ्या 'जाती'. हा आकडा केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिला. त्याच प्रतिज्ञापत्रात महाराष्ट्राचा आकडा होता. सरकारी याद्यांप्रमाणे राज्यात जाती ४९४, आणि गणनेत निघाल्या ४,२८,६७७. त्यातल्या नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त 'जातीं'त शंभर माणसंही नव्हती.

हे कसं होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. समजा एकाने 'तेली' सांगितलं, दुसऱ्याने 'तिळवण तेली', तिसऱ्याने थेट आडनाव, चौथ्याने कुळ. टाइप करणाऱ्याने कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं, कुठे शेवटी एक स्पेस जास्त पडली. टूलला प्रत्येक वेगळं अक्षर म्हणजे वेगळा वर्ग. मग डिस्टिंक्ट काउंट घेतलात की तुम्ही जाती मोजत नसता, जात लिहिण्याच्या पद्धती मोजत असता.

आणि याची किंमत? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाला आधार म्हणून पक्की आकडेवारी हवी. महाराष्ट्र सरकार म्हणालं, २०११ चा डेटा आम्हाला द्या. केंद्र म्हणालं, तो सदोष आहे, वापरण्यालायक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली. गावोगावच्या ओबीसी कार्यकर्त्यांचं निवडणूक लढवणं अडकलं. त्यामागे राजकारण होतं, कायद्याचे मुद्दे होते, सगळं होतं. पण त्या ढिगाच्या तळाशी एक साधा मोकळा टेक्स्ट बॉक्सही होता.

तेव्हा खण ठेवले की काही माणसं हरवतात आणि खण नाही ठेवले की सगळीच हरवतात.

मग करायचं काय

यावर लोकांनी विचार केलाय. मला आवडलेला सगळ्यात प्रामाणिक उपाय मृत्यूच्या कारणांच्या नोंदीतला आहे. तिथेही हाच त्रास आहे. रोगांची आंतरराष्ट्रीय यादी काही वर्षांनी बदलते. अमेरिकेने १९९९ पासून यादीची नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली. तेव्हा तिथल्या आकडेवारी खात्याने एक कष्टाचं काम केलं. १९९६ सालचे मृत्यूचे दाखले घेतले आणि तेच दाखले दोन्ही याद्यांप्रमाणे दोनदा वर्गीकृत केले. त्यात दिसलं की फ्लू आणि न्यूमोनिया हे मृत्यूचं मूळ कारण म्हणून नव्या यादीप्रमाणे सुमारे तीस टक्क्यांनी कमी येतं. माणसं तीच, दाखले तेच. म्हणजे १९९९ मध्ये न्यूमोनियाचे मृत्यू तेवढ्याने घटलेले दिसले, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. ती घट डॉक्टरांची नाही, यादीची आहे.

हा धडा आपल्या रोजच्या कामात तसाच वापरता येतो. मी आता जे करतो ते सांगतो. तुमच्यातले जे डेटाशी खेळतात त्यांनी उतरवून घ्या, बाकीच्यांनी बातम्या वाचताना लक्षात ठेवा.

एक. मूळ उत्तर कधी पुसायचं नाही. माणसाने जे निवडलं किंवा लिहिलं ते जसंच्या तसं एका रकान्यात. गट कसा केला ते वेगळ्या तक्त्यात, आणि त्या तक्त्यात 'कधीपासून कधीपर्यंत' या दोन तारखा. मांडणी बदलली तर जुना डेटा नव्या खणांत पुन्हा टाकून बघता आला पाहिजे.

दोन. यादी बदलली की निदान एक महिना दोन्ही याद्यांप्रमाणे मोजायचं. मृत्यूच्या दाखल्यांसारखं. दोन्हींतला फरक म्हणजे यादीचा परिणाम. तो वजा केल्यावर जे उरेल, त्याला बदल म्हणायचं.

तीन. एखादा वर्ग अचानक घटला तर आधी 'इतर' कडे बघायचं, मग एकूण बेरजेकडे. हरवलेली माणसं बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

चार. शून्य आणि रिकामं यात फरक करायचा. 'या महिन्यात एकही तक्रार नाही' आणि 'या महिन्यात हा पर्यायच नव्हता', दोन्ही चार्टवर सारखेच दिसतात. पण पहिली गोष्ट बातमी आहे, दुसरी नाही.

पाच. चार्टवर खण बदलला त्या तारखेला एक उभी रेघ मारायची आणि खाली एक ओळ लिहायची: इथून पुढे व्याख्या वेगळी. साहेबांना चार्ट कमी देखणा वाटेल, वाटू दे.

यातलं एकही काम अवघड नाही. माझ्या टूलमध्ये पाचही गोष्टी तेव्हाही करता येत होत्या. टूलने मला अडवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

जाता जाता

पुढची जनगणना २०२७ ची आहे. त्यात जात मोजली जाणार असं सरकारने जाहीर केलंय, आणि स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोयही असणार आहे. म्हणजे हा भाग ज्या फोनवर ऐकताय, कदाचित त्याच फोनवर तुमच्या घराची चिठ्ठी तुम्हीच खणात टाकाल. आई-आजीच्या 'काम' या प्रश्नाशी आलात की दोन मिनिटं थांबा. 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर घाईत पुढे ढकलू नका. त्यांना नीट विचारा, दिवसभर काय काय करता. मातृभाषेच्या रकान्यात घरी खरंच जी बोलता ती लिहा. अहिराणी असेल तर अहिराणी, गोरमाटी असेल तर गोरमाटी. पुढे गट कुणीही करो, मूळ नोंद तरी खरी राहील. आणि मग निकाल आले, "अमुक वाढले, तमुक घटले" असे फॉरवर्ड फिरायला लागले, की पुढे पाठवण्याआधी एकदा विचारा: मागच्या वेळी खण हाच होता का?

त्या मुलीला मी नंतर मेसेज केला होता. चार्ट चुकला होता, माझं चुकलं, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं: "मला माहीत होतं दादा. फोन मीच उचलत होते ना."

आपल्याकडे आकडा होता, तिच्याकडे फोन होता. तिला आधी विचारलं असतं तर उत्तर एका मिनिटात मिळालं असतं. म्हणून वरच्या यादीत सहावा मुद्दा तुम्हीच घाला: मोजलेल्या माणसाला एकदा विचारून बघा.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीच्या हिशेबात असा खण बदलल्याचा किस्सा असेल तर नक्की कळवा. कंपनीचं नाव नको, किस्सा हवा. भेटू पुढच्या भागात. तोवर मजेत राहा.